सिनेमाखालची अक्षरं

"सिनेमा चालू असला की कुणी कुणाशी बोलत नाही," हणमंतमामा म्हणाला. "जेवणं आटोपली की लगेच लावायचा. दोन-अडीच तास आपोआप निघतात. मग चहा, नारळ, आणि पाहुणे कोल्हापूरच्या रस्त्याला."

अण्णा स्टुलावर उभे राहून खिडकीला चादर बांधत होते. "आणि सिनेमाच्या आधी? जेवताना?"

"जेवताना आक्का वाढत असेल की. वाढणाऱ्या बाईला कोण काय विचारतंय? फार तर आमटी चांगली झाली म्हणतील. हसायचं."

मी जमिनीवर फतकल मारून बसले होते. समोर कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडं पडलेलं, आणि मी रंगाच्या जुन्या ब्रशनं आतल्या कार्डावरचा पंखा साफ करत होते. मे महिना होता. त्या इवल्याशा पंख्यावरच उद्याचा सगळा दिवस अवलंबून होता.

"वैजे," अण्णा वरूनच म्हणाले, "ती खालची अक्षरं तेवढी काढून टाक उद्या."

मी ब्रश फिरवत राहिले.

"काय म्हणतोय मी?"

"अक्षरं काढली तर आई काय बघणार?"

"एक दिवस नाही बघितलं तर काय होतंय तिला?"

आई, म्हणजे मामाची आक्का, स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होती. दार उघडंच होतं. तिच्यापासून चार हातांवर आम्ही तिच्याचविषयी बोलत होतो, आणि आवाज खाली करायची गरज आम्हा तिघांपैकी कुणालाच वाटत नव्हती.

आईला ऐकू येत नव्हतं.

त्याच्या आदल्या वर्षापर्यंत येत होतं. तिला टीबी झाला होता. पहिल्या गोळ्यांनी आटोक्यात येईना म्हणून इंजेक्शनं सुरू केली. त्या इंजेक्शनांनी ताप गेला, खोकला गेला, अंगावर मांस आलं; पण कानात आधी रातकिडे ओरडल्यासारखं व्हायला लागलं आणि मग रातकिडेही थांबले. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे बघा. ते खरंच होतं.

आमच्या घरात मात्र ह्यातलं काहीच बाहेर सांगायचं नाही असं ठरलं. अण्णा कराडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. गावातला निम्मा माणूस त्यांना लाऊडस्पीकरवरच्या आवाजावरून ओळखायचा. त्यांचं म्हणणं असं, की कान गेले म्हटलं की लोक विचारणार कशानं, इंजेक्शनांनी म्हटलं की विचारणार कसली इंजेक्शनं, आणि टीबीचं नाव निघालं की वैजूच्या लग्नाचं विसरायचं. बाहेर आम्ही सांगायचो, आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती कुठं येत नाही.

आईनं बोलणंही सोडलं होतं. एकदा मंडईत तिनं भाजीवालीला भाव विचारला. स्वतःचा आवाज तिला कळत नव्हता, त्यामुळं तो इतका मोठा निघाला की आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. अण्णांनी तिचा हात दाबला. ओठांवरून तिला कळलं असणार, "हळू." त्या दिवसापासून ती आमच्याशीसुद्धा मान हलवून बोलायला लागली. मला काही सांगायचं असलं तर मी तिच्या तळहातावर बोटानं लिहायची.

पूर्वीची आई अशी नव्हती. सिनेमावेडी बाई ती. लग्नाआधी मैत्रिणींना घेऊन तंबूतल्या थिएटरात जायची आणि परत येताना सगळ्या नटांचे आवाज काढून दाखवायची. तीच बाई आता टीव्ही लागला की खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून गवारी मोडत बसायची.

मी तेव्हा एका कॉम्प्युटरच्या दुकानात मशीनं जुळवायचं काम करत होते. व्हीसीडी प्लेअरवर सिनेमा लावला तर जे आहे ते दिसतं, आपलं काही त्यात घालता येत नाही. कॉम्प्युटरवर घालता येतं. दुकानात एक व्हिडिओ कार्ड आलं होतं, त्याला मागं टीव्हीची वायर लावायची सोय होती. ते मी घरच्या मशीनमध्ये बसवलं. मग एक जुना काळापांढरा मराठी सिनेमा घेतला आणि एकेक वाक्य थांबवून, ऐकून, टाइप केलं. पहिल्यांदा लावलं तेव्हा पडद्यावर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटले. किती तरी संध्याकाळी त्या चौकोनांशी झटल्यावर एकदाची अक्षरं आली. आई सावकाश वाचायची, म्हणून मी प्रत्येक वाक्य जरासं आधीच आणायचं ठरवलं. नटानं तोंड उघडायच्या आत खाली अक्षरं हजर.

ती गवार मोडत बसली होती. मी तिची खुर्ची फिरवली. तिनं बघितलं, वाचलं, परत बघितलं. थोड्या वेळानं गवारीची परडी तिच्या मांडीवरून खाली घसरली, तरी तिला पत्ता नव्हता.

तर अशा त्या अक्षरांबद्दल अण्णा म्हणत होते, की काढून टाक.

यादवांचं स्थळ चांगलं होतं, ह्यात वाद नव्हता. मुलगा धैर्यशील, कोल्हापूरला एका फाउंड्रीत इंजिनिअर. बघण्याचा कार्यक्रम मामाच्या घरी झाला होता. पत्रिका जुळली होती, पसंती आली होती. त्यालाही मी आवडले होते आणि मलाही तो. माझ्याशी बोलताना तो फक्त दुकानातल्या कामाबद्दल विचारत राहिला, तेच मला आवडलं होतं. आता ती मंडळी आमचं घर बघायला आणि पुढची बोलणी करायला येणार होती. मुलीची आई दिसणार नाही, असं चालणार नव्हतं.

"अण्णा," मी म्हणाले, "टीव्हीवर अक्षरं नसतील. पण आईला मी वेगळं दाखवते."

त्या कार्डाला दोन तोंडं होती. एक टीव्हीला, एक कॉम्प्युटरच्या स्वतःच्या मॉनिटरला. कॉम्प्युटरचं टेबल स्वयंपाकघराच्या दाराला लागून ठेवायचं आणि मॉनिटर आतल्या बाजूला वळवायचा. टीव्हीवर साधा सिनेमा चालेल, आणि त्याच वेळी मॉनिटरवर अक्षरांसकट. आई आत पाटावर बसून बघेल. पाहुणे विचारतील तर ती स्वयंपाकघर आवरतेय म्हणायचं.

मामानं टाळी दिली. "बघा! पोरीचं डोकं आहे का नाही?"

अडचण एवढीच होती, की एका वेळी एकाच ठिकाणी चालतं चित्र दाखवायचं एवढाच त्या कार्डाचा वकूब. दुसरीकडं नुसता काळा चौकोन यायचा. बरीच खटपट केल्यावर मला एक मार्ग सापडला, पण त्यात मशीनवर ताण यायचा. कार्ड तापायचं. तापलं की चित्र अडखळायचं आणि कधी पडद्यावर हिरव्या रेघा यायच्या. म्हणून तो ब्रश, म्हणून कॅबिनेटचं झाकण काढून ठेवणं, म्हणून टेबलफॅन कॅबिनेटच्या पोटात तोंड घालून बसवलेला.

आईला मी तळहातावर लिहून सांगितलं: उद्या तू आतून बघ. पाहुण्यांची गर्दी.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली.

मंडळी भर उन्हात आली. धैर्यशीलचे वडील, त्यांना सगळे बापूसाहेब म्हणत, कपाळावरचा घाम पुसत आले आणि आल्याआल्या अण्णांना म्हणाले, "तुमचा आवाज स्टँडवर ऐकलाय की राव मी!" त्यामुळं सुरुवात बरी झाली. धैर्यशीलची आई, सुमनकाकू, अंगानं बारीक, नजरेनं तीक्ष्ण. घरात पाऊल टाकल्यापासून त्यांनी काही बघितलं नाही असं झालं नाही.

जेवताना आई वाढत होती. मी तिच्या समोरच्या बाजूला बसले होते, म्हणजे कुणी काही बोललं की डोळ्यांनी खुणावता यावं.

"आमटी झकास झालीय हो," बापूसाहेब म्हणाले.

मी भुवया उडवल्या. आई हसली.

"काळा मसाला घरचाच का?" सुमनकाकूंनी विचारलं. आई तेव्हा त्यांच्याकडं पाठ करून अण्णांना भात वाढत होती.

आई भात वाढत राहिली.

"घरचाच," मी म्हणाले.

"घरचाच, घरचाच," मामा माझ्यामागोमाग म्हणाला. "आमच्या आक्काचा मसाला म्हणजे अख्ख्या गल्लीत ठसका!"

सुमनकाकू आईच्या पाठीकडं बघत राहिल्या. "फार कमी बोलतात ताई."

"पहिल्यापासूनच," अण्णा म्हणाले. आयुष्यभर अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं बोललेला तो माणूस हे एक वाक्य ताटाकडं बघून पुटपुटला.

हात धुतले न धुतले तोच मामानं घाई केली. "चला, चला, आता आमच्या वैजूचं थिएटर बघा! बाहेर तिकीट काढून जायला नको, असं केलंय पोरीनं!"

चादरीमुळं खोलीत बऱ्यापैकी अंधार झाला होता. आणि उकाडा. पाहुणे सोफ्यावर बसले, अण्णा आणि मामा खुर्च्यांवर. मी कीबोर्ड मांडीवर घेऊन दाराशी स्टुलावर बसले. आत आई पाटावर बसली होती. मॉनिटरचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडलेला मला कडेनं दिसत होता.

सिनेमा सुरू झाला. दोन्हीकडं चित्र होतं. मी श्वास सोडला.

थोडा वेळ गेला आणि धैर्यशील उठला. "टीव्हीला कसं जोडलंय हे?" तो माझ्या दिशेनं येत म्हणाला. "कार्डावरूनच ना? बघू का जरा?"

अजून दोन पावलं, आणि त्याला वळवलेला मॉनिटर दिसला असता. मॉनिटरवरची अक्षरं दिसली असती, आणि अक्षरांसमोर बसलेली आई.

"अहो बसा, बसा!" मामा जवळजवळ ओरडलाच. "वायरी मोकळ्या आहेत तिथं. शॉक बसायचा."

"अठरा व्होल्टसुद्धा नसतात हो ह्यात," धैर्यशील हसत म्हणाला, पण पाहुणा माणूस, परत जाऊन बसला. जाताना त्यानं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघत असल्याचं दाखवलं.

कार्ड तापत होतं. मी हळूच खाली हात नेऊन कॅबिनेटच्या आतली हवा चाचपली. कढईवर हात धरावा तसं लागलं. वीज जाईल, हिरव्या रेघा येतील, आवाज आणि चित्र वेगळं होईल, आई आतून काहीतरी मोठ्यानं बोलेल, ह्यातल्या प्रत्येक गोष्टीची मी आळीपाळीनं वाट बघत होते. पडद्यावर काय चाललंय ह्याकडं माझं लक्षच नव्हतं. पाहुणे हसले की मी दचकायची.

ते तिसऱ्यांदा की चौथ्यांदा हसले, तेव्हा आईच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला.

टीव्ही नीट चालू होता, म्हणजे एका तोंडाकडून चित्र बंद पडलं होतं. ज्याची भीती होती तेच झालं. मी कीबोर्डवरची दोन-तीन बटणं दाबली. काही फरक पडला नाही. मशीन बंद करून परत चालू करावं तर टीव्हीही जाणार, दिवे लावावे लागणार, सगळे उठून इकडं येणार.

तेवढ्यात आई उठली. पदर सारखा केला, माझ्या बाजूनं, माझ्या खांद्याला हात टेकवत बाहेर आली, आणि सरळ जाऊन सोफ्यावर सुमनकाकूंच्या शेजारी बसली.

"या, या," सुमनकाकू सरकल्या. "कधीची वाट बघतेय तुमची."

आईनं टीव्हीकडं बघितलं. तिथं माणसं तोंडं हलवत होती. खाली काहीच नव्हतं.

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, विनवणीही नव्हती. रेशनच्या दुकानात आपला नंबर यायची वाट बघणारी बाई बघते तसं. मग ती परत त्या हलणाऱ्या तोंडांकडं बघायला लागली, आणि बाकीचे हसले तेव्हा तीही हसली. जरा उशिरा, तोंड न उघडता. जेवताना आमटीवर हसली होती तसंच.

ते हसणं माझ्याच्यानं बघवेना.

टीव्हीवर अक्षरं आणायला एकच बटण होतं. अण्णांना ते माहीत होतं, कारण मीच त्यांना दाखवलं होतं. त्यांनी अंधारातही माझ्या हाताकडं बघितलं आणि मान हलवली. नाही. अगदी हळूच. मला त्या क्षणी कोल्हापूर दिसलं, फाउंड्रीतून घरी येणारा धैर्यशील दिसला, सगळं दिसलं.

मी बटण दाबलं.

टीव्हीच्या तळाशी पांढरी अक्षरं उमटली.

"हे काय आलं खाली?" बापूसाहेब म्हणाले.

"कॉम्प्युटरवर येतं असं कधीकधी," मामा म्हणाला. "आपोआप."

"मराठी सिनेमाला मराठीच?" सुमनकाकू म्हणाल्या. "कशाला ते?"

त्यांना उत्तर द्यायची गरजच उरली नाही. कारण पडद्यावर तेव्हा तो वैद्याचा प्रसंग आला होता. एक तोतया वैद्य एका घरात जातो. घरातली बाई पडद्याआडून हात बाहेर काढणार आणि हा नाडी बघणार, असं ठरलेलं. पण आत कुणीतरी चावटपणा करून शेळीचा पाय पुढं करतं. वैद्य डोळे मिटून, गंभीर होऊन, पाय धरून बसतो. बराच वेळ. घरची माणसं माना पुढं करून वाट बघतात. वैद्य काही बोलत नाही.

खाली अक्षरं मात्र आली होती. मीच आधी आणली होती. *आनंदाची बातमी आहे. जुळं होणार.*

आई हसली.

खळखळून, पूर्वीसारखी, तंबूतल्या थिएटरात हसत असेल तशी. तिच्या हसण्यानं खोली भरून गेली. सगळे वळून तिच्याकडं बघायला लागले. पडद्यावर वैद्य अजून गप्पच होता. आणि मग त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "आनंदाची बातमी आहे. जुळं होणार."

ह्या वेळेला कुणीच हसलं नाही.

सुमनकाकू आईकडं बघत होत्या. "ताई," त्या म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, "ताई." आई टीव्हीकडं बघून डोळ्यांतलं पाणी पुसत होती. सुमनकाकूंनी मान वळवून मला विचारलं, "ह्यांना ऐकू येत नाही?"

"थोडं कमी येतं," मामा घाईघाईनं म्हणाला. "वयानं होतंच की—"

"अजिबात येत नाही," मी म्हणाले.

"वैजे!"

"आईला टीबी झाला होता, काकू. इंजेक्शनांनी कान गेले. टीबी बरा झालाय. कान नाही होणार."

एवढं बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी उभी राहिले होते आणि कीबोर्ड खाली पडला होता. अण्णांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि ते हातांकडं बघत होते.

आईचं हसू थांबलं होतं. तिनं एकेकाचं तोंड बघितलं. मी तिच्याजवळ गेले, तिचा हात घेतला आणि तळव्यावर लिहिलं: सांगितलं.

तिनं मान हलवली. आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच ती पाहुण्यांशी बोलली. मोठा, खरखरीत, कुठंही चढ-उतार नसलेला तो आवाज.

"चहा टाकू का?"

धैर्यशील दचकला. बापूसाहेबांनी नुसती मान हलवली.

"मी बंद करतो हे," अण्णा टीव्हीकडं बघून म्हणाले.

"नको, नको, राहू दे," बापूसाहेब म्हणाले. "संपू दे की."

भला माणूस होता. पण त्यांच्या त्या भलेपणामुळं आम्ही सगळे उरलेला सिनेमा बघत बसलो. कार्ड अडखळलं नाही, हिरवी रेघ आली नाही, वीज गेली नाही. ह्यातलं काहीतरी व्हावं म्हणून मी आता मनातल्या मनात हात जोडत होते. काहीच झालं नाही. चित्र शेवटपर्यंत स्वच्छ होतं, आणि प्रत्येक अक्षर वेळेवर येत होतं.

जाताना आईनं सुमनकाकूंना हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. त्यांनी ती घेतली, पण नजर वर केली नाही. फाटकापाशी धैर्यशील मागं रेंगाळला.

"कार्ड कुठून घेतलंत?" त्यानं विचारलं.

"दुकानातूनच. आमच्याच."

"चांगलं आहे." त्याला अजून काहीतरी बोलायचं होतं. गाडीतून बापूसाहेबांनी हाक मारली. "चांगलं आहे कार्ड," तो परत म्हणाला आणि गेला.

निरोप मामाकडं आला. पत्रिका परत एकदा दाखवली, जुळत नाही म्हणे.

अण्णा माझ्याशी बोलेनासे झाले. रागावून आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. ते नुसते ड्यूटीवर जायचे, यायचे, जेवायचे. माझं एकदा रडून झालं, परत रडले, आणि मग सगळा राग त्या कार्डावर काढायला बसले. ऐन वेळी का दगा दिला? कार्ड काढलं, पुसलं, परत बसवलं. दुकानातून दुसरी वायर आणली. टीव्ही आणि मॉनिटर दोन्ही लावून पंख्याशिवाय दुपारभर तापवलं. एकदाही मॉनिटर गेला नाही.

आई दारात उभी राहून बघत होती.

"त्यात काय शोधतेस?" ती म्हणाली. पाहुणे येऊन गेल्यापासून ती बोलायला लागली होती, मोठ्यानंच.

मी तिच्या तळहातावर लिहिलं: त्या दिवशी तुझं चित्र का गेलं?

"गेलं कुठं? मी बंद केलं."

मी वळून मॉनिटरकडं बघितलं. मॉनिटरचं बटण समोरच होतं, तिच्या बाजूला. मी मशीनच्या पोटात शिरून सगळं तपासलं होतं आणि त्या बटणाचा विचार एकदाही केला नव्हता.

का, असं मी लिहायच्या आधीच ती बोलायला लागली. "आदल्या दिवशी तुमचं तिघांचं काय ठरत होतं, ते मला कळलं नाही वाटतं तुम्हाला? ह्यांचं तोंड बघून मला सगळं कळतं. तू तर घाबरत घाबरत हातावर लिहिलंस, पाहुण्यांची गर्दी. तीन माणसांची गर्दी!"

मी मान खाली घातली.

"मी आत बसणार होते गं. खरंच बसणार होते. तुझं चांगलं होत असेल तर बसले असते दिवसभर. पण मी आत एकटीच बघत होते आणि तुम्ही सगळे तिकडं. मनात आलं, ही एकदाच आत बसायची गोष्ट आहे का? उद्या लग्नात कुठं बसवणार मला? तुझ्या डोहाळजेवणाला? बारशाला? तुझ्या सासरचं कुणी घरी आलं की दर वेळेला मी दाराआड? आणि तू तिथं सासरी बसून रोज घाबरणार, आज कळेल, उद्या कळेल." ती थांबली. तिचा आवाज पलीकडच्या घरापर्यंत गेला असणार. "म्हटलं, जे व्हायचं ते आत्ता होऊ दे. फक्त मला वाटलं होतं, मी बाहेर येऊन बसले की ह्यांना कळेल हळूहळू. तू ते अक्षरांचं बटण दाबशील असं नव्हतं वाटलं. बापाला घाबरतेस तू."

इतके दिवस मला वाटत होतं की तो निर्णय माझा होता. मी तिच्यासाठी काहीतरी सोडून दिलं होतं, असंही मनाच्या एका कोपऱ्यात होतं. प्रत्यक्षात ती माझ्याआधीच निर्णय घेऊन उठली होती.

बाहेरच्या दारात अण्णा उभे होते. कधी आले ते आम्हाला कळलं नव्हतं. अंगात अजून खाकी होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं, कारण आईचं बोलणं न ऐकणं आता कुणालाच शक्य नव्हतं. तिनं त्यांना बघितलं आणि त्याच आवाजात म्हणाली, "पुढच्या मंडळींना आधीच सांगा. मग येऊ देत नाहीतर नाही."

अण्णांनी चपला काढल्या आणि आत जाऊन तोंड धुवायला लागले. बराच वेळ नळ चालू होता.

त्यानंतरची दोन स्थळं आलीच नाहीत. मामानं आधी सांगितलं, आणि त्यांनी नंतर कळवतो म्हटलं. पुढं दिवाळी झाल्यावर इस्लामपूरचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. ते लग्नही जमलं नाही. मुलाला परदेशी जायचं होतं. माझं लग्न आणखी कितीतरी दिवसांनी, वेगळ्याच ठिकाणी झालं. पण ते गृहस्थ माझ्या लक्षात आहेत.

दार आईनं उघडलं. ती म्हणाली, "या. मला ऐकू येत नाही."

मामानं सांगितलेलं होतं, तरी ते गडबडले. अर्धी चप्पल पायात तशीच ठेवून त्यांनी हात जोडले आणि गल्लीतली कुत्री भुंकतील इतक्या जोरात ओरडले, "नमस्कार!"

अण्णा आतून पुढं आले. मी त्यांच्या मागंच होते. ते पाहुण्यांना आत घेतील, घाईघाईनं दुसरा विषय काढतील, असं मला वाटलं. त्यांनी पाहुण्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"ओरडून उपयोग नाही," अण्णा म्हणाले. "तिच्या समोर बसा, आणि सावकाश बोला. मग तिला सगळं कळतं."